मदत हवी आहे: केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र

मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) तिन्ही देणार. मन मात्र दिल्ली विद्यापीठात फिजिक्सला जायचं.

जातीचा दाखला आणि राज्याचं नॉन-क्रीमी लेयर आहे, कॅप राउंडची (राज्यातल्या प्रवेशफेऱ्यांची) चिंता नाही. अडलंय केंद्राच्या नमुन्यावर. गेल्या आठवड्यात सेतूत गेले, तर 'हेच सगळीकडे चालतं' म्हणाले. चालत नाही, हे मला माहीत आहे; त्यावर 'भारत सरकारच्या सेवेसाठी' असा वेगळा मजकूर लागतो आणि जोसाला (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशप्रक्रियेला) 1 एप्रिल किंवा त्यानंतरच्या तारखेचं लागतं. तहसीलमध्ये 'जूनमध्ये या' एवढंच उत्तर मिळालं.

जात केंद्राच्या यादीत आहे, तपासलंय. उत्पन्नाची अडचण नाही. एजंटला पैसे द्यायचे नाहीत. लेकीला रांगेत उभं करायचं नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर ती रात्री बारापर्यंत बसलेली असते. धावपळ मीच करणार.

तालुक्याच्या ठिकाणाहून हे कोणी काढलंय का? 'आपले सरकार'वर राज्याच्या नॉन-क्रीमी लेयरपेक्षा वेगळा अर्ज करावा लागतो का, सोबत काय जोडलंत, आणि मार्चमध्ये अर्ज दिला तर एप्रिलची तारीख मिळते का?