मदत हवी आहे: चेंडू वर थांबतो तेव्हा त्वरण शून्य का नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतणी सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली, आठवीपासून कन्नड माध्यम. यंदा नववी. वेग किती पटकन बदलतो, त्याला मी शिकलो ते 'त्वरण', तिच्या पुस्तकात 'वेगोत्कर्ष'. आपली 'चाल' म्हणजे त्यांचा 'जव'. 'वेग' तेवढा दोन्हीकडे वेगच.

शब्द जुळले, पण 'मीटर प्रति सेकंद वर्ग' आला आणि तिनं विचारलं, "काका, सेकंदाचा वर्ग कसा काय करायचा?" मग बेळगावच्या बसचं उदाहरण घेतलं. स्टँडवरून सुटलेली बस 10 सेकंदांत ताशी 36 किलोमीटरवर आली, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद एवढा वाढत गेला. 'सेकंद' दोनदा येतो, म्हणून वर्ग. हे तिला पटलं.

अडलं ते चेंडूपाशी. अंगणात चेंडू वर फेकला, पार कौलांच्या वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला. ती म्हणते, थांबला तिथं वेग शून्य, मग त्वरणही शून्यच. परीक्षेतही तेच लिहिलं आणि मार्क गेला. गुरुत्वाकर्षण तिथंही असतंच, असं मी सांगितलं, तर म्हणते, "असेल, पण चेंडू थांबलाय ना?" पोरगी हुशार आहे, नुसतं पाठ कर म्हणायला जीव होत नाही. कसं समजावू?

—

निपाणीहून लिहितोय. दादा, तिला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे वेग लिहायला लावा. चेंडू सेकंदाला 9.8 मीटर वेगानं वर फेकला असं धरा, हवेचा विरोध सोडून द्या. मग वेग असे येतात: 9.8, 4.9, 0, उणे 4.9, उणे 9.8. दर वेळी 4.9 नेच कमी. शून्याच्या आधी तेवढाच फरक, नंतरही तेवढाच. आता विचारा, वर त्वरण शून्य झालं असतं तर पुढचा आकडा काय आला असता? शून्यच, आणि चेंडू तिथंच लटकून राहिला असता.

वेग किती आहे आणि वेग किती बदलतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना काटा 40 वर स्थिर असला तरी वळणावर आपण बाजूला झुकतोच ना? चाल तीच, पण दिशा बदलते; वेगात दिशाही धरतात, म्हणजे वेग बदलला, म्हणून तिथंही त्वरण आहे.

—

दादा, लई उपकार झाले. आकडे तिनं स्वतः लिहिले. तिसऱ्या आकड्यापाशी पेन्सिल थांबली, मग "हां, लटकला असता" म्हणाली आणि पुन्हा चेंडू घेऊन अंगणात पळाली.

आता नवीन प्रश्न आणलाय. वरची दिशा अधिक धरली तर त्वरण येता-जाता उणे 9.8 च. पण खाली येताना चेंडू जोरात येतो, मग उणे कसं? उणे म्हणजे वेग कमी होणं, असंच तिच्या डोक्यात बसलंय. हे कुठून सुरू करू?