मे महिन्यात मालवण-तारकर्ली: बुकिंग करू की थांबू?

भटक्या_पुणेकर: मंडळी, मेच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीला जायचं म्हणतोय, मुलं आणि आईबाबा सोबत. स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, आंबे सगळं एकदम होईल असं वाटत होतं पण २०२५ ला त्याच आठवड्यात मित्राची फॅमिली गेली आणि रूममध्ये पत्ते कुटत बसली. हे क्लायमेट चेंजचं आहे की त्या वर्षापुरतंच? होमस्टेवाला पूर्ण अ‍ॅडव्हान्स मागतोय.

किनाऱ्यावरचा: आमचा पण होमस्टे आहे म्हणून सांगतो, मे म्हयन्याचो काय भरवसो नाय आता. २०२५ ला २४ मे ला रत्नागिरी-दापोलीच्या मधे डिप्रेशन (कमी दाबाचं वादळी क्षेत्र) किनाऱ्याला लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून तळकोकणात, एरवी ५ जूनच्या आसपास येतो. २०२१ ला मेच्या मध्यातच तौक्ते चक्रीवादळ. आणि शेवटचा आठवडा तर घेऊच नका, किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स मेअखेरीला तसेही बंद होतात ते थेट सप्टेंबरात चालू. स्कूबाला पाणी नितळ लागतं, समुद्र खवळला की गढूळ, खाली काय दिसणार? डिसेंबर-जानेवारीत या. आंबे नसतील तेवढं सोसा.

खवचट_काका: वळीव आमच्या लहानपणीही पडायचा. आता प्रत्येक सरीला क्लायमेट चेंज!

पोफळीची_वाडी: काका वळीव तासाभरात पडून जायचा, आठवडाभर मुक्काम नाही ठोकायचा. एका वर्षावरून ठरत नाही हे मान्य, पण अरबी समुद्र तापत चाललाय आणि वादळांना जोर त्या गरम पाण्यातूनच मिळतो. आम्ही दिवेआगरचे, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. घराचे पत्रे महिन्याभरात बसतात हो, पोफळ धरायला कितीतरी वर्षं जातात. पाहुणे यायचे ते त्या सावलीसाठी, आता आल्या आल्या विचारतात एसी आहे का, आणि लाइट बिल आमच्या डोक्यावर.

कासवप्रेमी: मार्चमध्ये जमलं तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघा. वाळू जास्त तापली की माद्याच जास्त जन्मतात म्हणे, म्हणजे तिथेही हेच.

भटक्या_पुणेकर: मार्चला परीक्षा. मेचा पहिला आठवडा धरला तर? आणि अ‍ॅडव्हान्स?

किनाऱ्यावरचा: पहिला आठवडा चालेल, उकाडा मरणाचा असेल, आईबाबांना दुपारी बाहेर काढू नका. अ‍ॅडव्हान्स निम्माच द्या आणि ऑरेंज अलर्ट आला तर तारीख बदलून देणार का ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, नुसतं फोनवर हो म्हणाले तर धरू नका.