पर्किंजे पेशीचं चित्र काहालच्या धर्तीवर: फोटो गिरवून चालेल का?

लळिंग_धुळे
राम राम मंडळी. प्रदर्शनासाठी कार्ट्रिज पेपरवर पर्किंजे पेशीचं (लहान मेंदूतली फांद्यांची चेतापेशी) शाईचं चित्र करायचंय, स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल काढायचा तसं. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग) स्लाइडवर नुसती सेल बॉडी दिसते, फांद्या गायब. गॉल्जी पद्धतीने चांदीने काळ्या केलेल्या स्लाइडचा फोटो मिळाला तर गिरवावा का? शिवाय या उन्हात ०.१ मिमीचा रोट्रिंग पेन सारखा अडतो. कूलरसमोर बसलं तर ठिपके फुगतात.

गिरणाकाठ
भाऊ, एच अँड ईमध्ये फांद्या मागच्या गुलाबीत विरतात. इटालियन डॉक्टर गॉल्जीची १८७३ ची काळी प्रक्रिया उलटी: आधी पोटॅशियम डायक्रोमेट, मग सिल्व्हर नायट्रेट. मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण टोकापर्यंत. काहालने हेच दोनदा केलं आणि भ्रूणांचे, पिल्लांचे मेंदू घेतले, कारण मायलिनचं (चरबीचं) वेष्टण चढलेल्या अ‍ॅक्सॉनवर (पेशीचा लांब तंतू) चांदी नीट बसत नाही. त्याच्या कृतीत ऑस्मिक आम्ल आहे, वाफ डोळ्यांना घातक. तयार स्लाइडच घ्या.

घेताना कापाची दिशा विचारा. या पेशीचा पसारा चपटा असतो. सॅजिटल (पुढून मागे जाणाऱ्या उभ्या) कापात तो पूर्ण दिसतो, आडव्या कापात नुसती पऱ्हाटीची काडी.

तापी_१०
फोटो गिरवू नका. काप १०० मायक्रॉनच्या आसपास जाड, आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हला एका वेळी एखाद-दोन मायक्रॉनच स्पष्ट दिसतात. त्यामुळे फोटोत फांदी मध्येच तुटते. त्याहून वाईट म्हणजे एकीवरून दुसरी गेलेली फांदी तिथे चिकटलेली वाटते. पेशी जोडलेल्या की सुट्या, यावरच तर गॉल्जी आणि काहालचं वाजलं होतं. १९०६ चं नोबेल दोघांत वाटलं गेलं तरी मिटलं नाही.

फाइन फोकस खालीवर करत, स्पष्ट होईल तेवढीच फांदी पेन्सिलने पुढे न्या. कॅमेरा ल्युसिडा (स्लाइडची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दाखवणारं उपकरण) असेल तर उत्तम. शाई शेवटी.

०.१ सोडा, ०.२ घ्या, चित्र निम्मं करून छापलं तर ०.१ ची रेघ उडतेच. काम थांबलं की लगेच टोपण, आणि पेन ओल्या स्पंजसोबत बंद डब्यात. कूलरच्या दमट हवेत कागद ओल धरतो, म्हणून शाई पसरते. कूलर दुसऱ्या खोलीत ठेवा.

'४०० पट' लिहू नका, झेरॉक्स लहान केली की ते खोटं ठरतं. स्टेज मायक्रोमीटरवरून (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) मोजून ५० मायक्रॉनची पट्टी चित्रातच काढा.

लळिंग_धुळे
आणि काहालचे छोटे बाण?

गिरणाकाठ
ते संदेशाची दिशा दाखवतात: फांद्यांकडून सेल बॉडीकडे, तिथून अ‍ॅक्सॉनने बाहेर. पण ते त्याचं अनुमान होतं, स्लाइडवर बाण दिसत नाहीत. घालायचेच तर वेगळ्या रंगात घाला.