अनुभव धागा: सतरंज्या उचललेल्यांनी इकडे या

जुनी इंदूरकर

काल अन्नपूर्णा रोडवर चांगलीच अडकले. कुठल्याशा पक्षाचं कार्यकर्ता संमेलन होतं, बाहेर गाड्याच गाड्या, आणि मंगल कार्यालयाच्या दारात टेबल टाकून एक मुलगी नोंदणी करत बसलेली. समोर एक गृहस्थ तावातावाने, "मेरा नाम लिस्ट में क्यों नहीं है?" हे ऐकलं आणि मलाच घाम फुटला. कारण ते टेबल माझं होतं हो! मोबाइल नव्हते तेव्हाचं.

नगर अधिवेशन असलं की वॉर्डवार याद्या कार्बन लावून मीच लिहायची. बिल्ले तीन रंगांचे: प्रतिनिधी, निमंत्रित, स्वयंसेवक. भांडण कायम प्रतिनिधीच्या बिल्ल्यावरून. लोकांना वाटेल मताचा अधिकार वगैरे. छे! प्रतिनिधींचा जेवणाचा मंडप वेगळा असायचा आणि तिथे श्रीखंड असायचं.

टेबलाखालच्या खोक्यात प्रस्तावांच्या सायक्लोस्टाइल प्रती. राजकीय, आर्थिक, संघटनात्मक. शेवटच्या ओळीत "सर्वानुमते मंजूर" हे आदल्या रात्रीच टाइप झालेलं. चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारी! भोपाळहून पर्यवेक्षक यायचे, ते आधी हॉल भरला का ते बघायचे. म्हणून आमचे मंडल अध्यक्ष खुर्च्या कमीच लावायला सांगत. मागे चार लोक उभे राहिले की हॉल तुडुंब.

तुमचंही लिहा. पक्ष कोणताही चालेल, पण आजची भांडणं इथे नकोत आणि तक्रार असेल तर नाव न घेता.

रामबागवाला

ताई, "सर्वानुमते"वरून आठवलं. मला सकाळी चहा पिताना सांगितलं, तू अनुमोदक. कशाचा, ते सांगितलंच नाही. मी आपली नर्मदेच्या पाण्याची तयारी करून गेलो. १९७०चं आंदोलन, मग १९७८ला पाणी आलं, आणि तरी आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड धार. माइकवर गेलो तर प्रस्ताव परराष्ट्र धोरणाचा! आता काय, नळावरच बोललो. अध्यक्षांनी घंटी वाजवली, पण अख्ख्या सत्रात टाळ्या पडल्या त्या तेवढ्यालाच.

मालवी मिरची

हाहाहा नळ 😂 भिया तुम्हीच खरे प्रतिनिधी

स्नेहलतागंज

आमचे आजोबा काँग्रेसच्या सेवादलात. हर्डीकरांनी १९२३ मध्ये काढलेलं ते. १९५७च्या जानेवारीत इंदूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, ढेबरभाई अध्यक्ष. घरात त्याचा विषय निघाला की आम्ही पोरं विचारायचो, आजोबा, नेहरूंना जवळून पाहिलं का? ते म्हणायचे, "माझी ड्यूटी सायकल स्टँडवर होती. पण एकही सायकल चोरीला गेली नाही." हे इतक्या अभिमानाने सांगायचे की पुढे काही विचारायची सोयच नसे.

मालवी मिरची

सायकल स्टँडवाले आजोबा 🙏

मी सांगते बायकांचं. आता कुकर लावलाय तोवर लिहिते. महिला शाखा म्हणजे पहाटे पाचला पुऱ्या. पाकिटात चार पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणच्याची फोड, एक बुंदीचा लाडू. वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा. ते झालं की आंघोळ करून भगरा नाहीतर पांढरा, जो पक्ष असेल त्या रंगाची साडी नेसून कलश घेऊन दारात उभं राहायचं. (भगवा वाचा, बोटं पिठाची आहेत.) मग स्वागतगीत. मग पुन्हा मंडपामागे, कारण दुपारच्या जेवणाचे बाफले (आपले माळव्याचे कणकेचे गोळे) वळायचे असतात. मुख्य भाषण मी मंडपामागून ऐकलंय, लाउडस्पीकरची पाठ आमच्याकडे, त्यामुळे नुसतं घों घों.

सुमित्राताई महाजन १९८४ला उपमहापौर होत्या आणि १९८९ला माजी मुख्यमंत्री सेठीजींना हरवून खासदार झाल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी पेढे वाटले. पक्षाचं सोडा, आपल्यातली एक बाई मंचावर बसली म्हणून. माझी सासू दुसऱ्या पक्षाची कट्टर. तिनेही दोन पेढे घेतले.

शिट्टी झाली, येते.

जुनी इंदूरकर

मिरची, मंचावर बायका बसायला लागल्या ते आरक्षणानंतर. मध्यप्रदेशात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना. पण माझ्या शेवटच्या शेवटच्या संमेलनांत काय व्हायचं, पार्षदबाईंच्या (नगरसेविकेच्या) नावापुढे सही करायला यायचे त्यांचे यजमान. "मैं ही हूँ समझो." मी म्हटलं, साहेब, कलशाच्या रांगेत पण तुम्हीच उभे राहणार का?

मालवी मिरची

पार्षदपती!!! आमच्याकडे एकाने व्हिजिटिंग कार्डच छापलं होतं तसं

परदेशीपुऱ्याचा

आम्ही लाल झेंड्यावाले. वडील हुकुमचंद मिलमध्ये, विव्हिंगला. आमच्याकडे श्रीखंड वगैरे भानगड नव्हती. जिल्हा परिषद (म्हणजे पक्षाची, सरकारी नाही) जवळ आली की चाळीत घरोघर पीठ आणि डाळ मागायला जायचं, आम्ही पोरं पिशव्या धरायला. ज्या घरून पीठ घेतलं त्याला परिषदेत काय ठरलं ते परत जाऊन सांगायचं, हा वडिलांचा नियम. त्यामुळे आठवडाभर संध्याकाळी घरी नसायचेच. कोणी म्हणायचं, दाजी काय बोलले ते सांग, बाकीचं राहू दे. होमी दाजी १९६२ला इथून लोकसभेवर अपक्ष निवडून गेले तेव्हाच्या गेट मीटिंगा वडिलांनी पाहिलेल्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी तेच.

१९९१ला मिल बंद पडली. त्यानंतरही परिषदा होत राहिल्या. पण पीठ कोणाकडे मागणार? ज्यांच्या घरी मागायचं त्यांच्याच घरी नव्हतं. मग बाहेर भाजी विकणारे, रिक्षा चालवणारे आमचेच प्रतिनिधी दिवसाची कमाई बुडवून यायचे, दुपारी हळूच उठून जायचे. हजेरीपटावर ते "उपस्थित"च. मिल कामगारांच्या थकबाकीचं वाटप झालं ते २०२३च्या डिसेंबरात. वडील तोवर नव्हते. आईने कागद सही करून घेतला आणि विचारलं, आता परिषद कधी आहे रे?

स्नेहलतागंज

काय लिहिलंत भाऊ.

रामबागवाला

माझे मामा स्वदेशी मिलमध्ये होते. चाळ कोणती तुमची?

परदेशीपुऱ्याचा

मालवा मिलकडून येताना डावीकडची. आता तिथे जिम आहे.

लष्करकर

ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्याकडे १९६४च्या ऑगस्टमध्ये जनसंघाची प्रतिनिधी सभा झाली होती, दीनदयाळजींचा "सिद्धांत और नीति"चा मसुदा तिथेच मांडला गेला. आमच्या वाड्यात पाहुणे उतरले होते असं आत्या सांगायची. तिला सिद्धांत आठवत नाही, नीती आठवत नाही. आठवतं एवढंच की एक पाहुणे रोज पहाटे विहिरीवर स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे आणि दुसरे तिच्या आईला "वहिनी, पोहे" म्हणून हाक मारायचे. ती म्हणते, पहिल्यांचं नाव विसरले, दुसऱ्यांचं जन्मात विसरणार नाही. (सांगत मात्र नाही.)

पोहेप्रेमी

ग्वाल्हेरचे पोहे? त्यात शेव तरी घालता का 😄

लष्करकर

घालतो हो. जीरावण मसाला नाही घालत, तो तुमचा इंदूरकरांचा धर्म.

पोहेप्रेमी

मी कधी कुठल्या पक्षात नव्हतो. २०१०च्या फेब्रुवारीत भाजपचं राष्ट्रीय अधिवेशन इंदूरला होतं, गडकरी नुकतेच अध्यक्ष झालेले, मोठमोठे नेते तंबूत राहिले होते. आम्ही कुटुंबासकट तंबू बघायला गेलो, लांबूनच बघून आलो. परतताना सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. एवढाच माझा राजकीय अनुभव.

मालवी मिरची

फेब्रुवारीत गराडू मिळाले? नशीबवान. आमच्या वेळी संक्रांतीनंतर बेचव होत जायचे

टेंटवाले काका

वाचत होतो, राहवलं नाही. माझं टेंट हाऊस होतं, आता मुलगा बघतो. सगळ्या पक्षांची अधिवेशनं केली. सतरंज्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. घेताना नेहमी कमी. कार्यकर्त्यांनी नेल्या म्हणतात, पण खरं सांगतो, कार्यकर्ते नव्हते नेत. ते बिचारे रात्री दोन वाजता माझ्या पोरांबरोबर घड्या घालायला थांबायचे, न सांगता. मंचावरचे सोफे मात्र एकदा थेट एका साहेबांच्या बंगल्यावर गेले. पक्ष नाही सांगत. परत आणायला तोच कार्यकर्ता माझ्याबरोबर हातगाडी घेऊन आला होता ज्याने सकाळी सतरंज्या घातल्या होत्या.

बिलाचं म्हणाल तर निवडणुकीआधीचं अधिवेशन असेल तर मी अर्धे पैसे आगाऊ घ्यायचो. हरले की "पुराने जिलाध्यक्ष से लो", जिंकले की "भोपाळहून मंजुरी येतेय".

जुनी इंदूरकर

काका! तुम्ही जेल रोडवाले का? निळी पट्टी असलेल्या सतरंज्या?

टेंटवाले काका

हो, तेच. आणि तुम्ही त्या टेबलवाल्या ताई, ज्या आमच्या पोरांनाही प्रतिनिधीचा बिल्ला लावून श्रीखंडाला पाठवायच्या?

जुनी इंदूरकर

ते इथे जाहीर नका करू हो 😅

रामबागवाला

पर्यवेक्षक वाचत असतील ताई

मालवी मिरची

आले परत. कुकर झाला. काका, तुमच्याकडे बाफल्यांची मोठी परात अजून भाड्याने मिळते का? नणंदेकडे मुंज आहे, अडीचशे पान.

टेंटवाले काका

मिळते. आगाऊ अर्धे.