ऑफिसात व्हीआरचं 'ओपन हाऊस' आहे, काय काय सांभाळू?

खिडकीजवळची:
मंडळी, सल्ला हवाय. आमची पुण्यातली कंपनी कारखान्यांसाठी ट्रेनिंगचं साहित्य बनवते. त्यात व्हीआरवाले, म्हणजे हेडसेट घातला की भोवती दिसणारं खोटं जग बनवणारे, आम्ही तिघंच. दिवसभर डोक्याला डबा लावून हवेत हात मारतो, त्यामुळे आम्ही गेम खेळतो अशी अकाउंट्सवाल्यांची ठाम समजूत! साहेब म्हणाले, "एकदा सगळ्यांना बोलावून दाखवूनच टाका." शुक्रवारी ३ ते साडेपाच. माणसं ६०, हेडसेट दोनच, दोन्ही क्वेस्ट ३.

दाखवायचंय ते लॉकआउट-टॅगआउट. म्हणजे दुरुस्तीआधी मशीनचा खटका पाडायचा, त्याला आपलं कुलूप नि टॅग लावायचा, मग चालू करायचं बटण दाबून बघायचं, खरंच बंद आहे ना. माझं दुखणं वेगळंच आहे. मागे एका मॅडमना दाखवलं, तर "अय्या, किती खरं वाटतं!" म्हणाल्या आणि चहाला गेल्या. खरं वाटतं ती हेडसेटची करामत हो! माझे चार महिने कशात गेले ते कसं दाखवू?

जुना खिळा:
आधी हिशेब करा. डबा चढवणं, पट्टा आवळणं, "मला धूसर दिसतंय" हे सगळं धरून माणशी सहा मिनिटं. तासाला एका हेडसेटवर दहा, अडीच तासांत दोन्हींवर मिळून पन्नास. साठ बसतच नाहीत. शिवाय बॅटरी दोनेक तासांची, तेव्हा पॉवर बँक हाताशी ठेवा. दारावर वेळांचा कागद लावा आणि आतलं चित्र टीव्हीवर कास्ट करा, नाहीतर रांगेतली माणसं मोबाइलमध्ये तोंड घालून बसतील.

धूसर दिसलं तर खालचं चाक फिरवून भिंगांमधलं अंतर जुळवायचं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बायकांना आधीच टिकली काढायला सांगा, फोमला चिकटते. तेल लावून आलेल्यांचा नंबर शेवटी.

दुपारचं ऊन:
काचेची मीटिंग रूम घेऊ नका. हेडसेटचे कॅमेरे खोलीतल्या खुणा बघून स्वतःची जागा ओळखतात, काचेवर आणि कोऱ्या भिंतीवर ते गोंधळतात. पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा ओढाच. आमच्याकडे एकाने हेडसेट भिंगं वर करून खिडकीत ठेवला. भिंगातून ऊन थेट स्क्रीनवर! पिवळा डाग पडला तो पडलाच. भिंगं कोरड्या मऊ फडक्यानेच पुसा, सॅनिटायझर अजिबात नको.

आणि कुणाला गरगरलं तर "जरा थांबा, सवय होते" म्हणू नका. लगेच काढा, खुर्चीत बसवा.

दुसरी पाळी:
मी मेंटेनन्सवाला, व्हीआरमधलं कळत नाही. पण ताई, तुम्ही रद्द केलेली आवृत्ती असेलच ना? आधी ती दाखवा, मग पक्की. आम्ही नव्या पोराला बेअरिंगसुद्धा असंच शिकवतो, आधी खराब हातात द्यायचं.

खिडकीजवळची:
दुसरी पाळी, साष्टांग! झालं कालच.

आमच्या जुन्या आवृत्तीत शेजारीशेजारी दोन सारखे खटके होते आणि बरोबर असेल तो हिरवा चमकायचा. सगळे फटाफट पास. पण कारखान्यात कुठला खटका चमकतो? म्हणून मी ती चमक काढली होती. आता चुकीचा पाडलात आणि बटण न दाबताच मशीनचं झाकण उघडलंत, तर आतला पट्टा फिरायला लागतो.

अकाउंट्समधले एक काका पहिल्यात चाळीस सेकंदांत सुटले, म्हणाले, "हे तर आमच्या व्हाउचरपेक्षा सोपं." दुसऱ्यात शेजारचाच खटका पाडला, कुलूप लावलं, टॅग लावला, झाकण उघडलं. पट्टा फिरला तसे ते असे मागे सरले की मी दंड धरला म्हणून टीव्हीवर आदळले नाहीत. हेडसेट काढून मलाच दटावलं, "पहिल्यात सांगितलंत, मग दुसऱ्यात का नाही सांगितलं?"

तेच तर सांगायचं होतं! वीस मिनिटं सांगत बसले, तोवर रांग अर्धी पांगली. एकूण ३८ जणांनीच लावला.

फोमला तीन टिकल्या सापडल्या, दोन लाल, एक मोरपंखी. सोमवारी मेल टाकते.