सगळं खापर युरियावर नको

वर एका भाऊंनी लिहिलंय की तलावातला हिरवा तवंग म्हणजे शेतकऱ्यांनी बेहिशेबी टाकलेला युरिया. मला अर्धंच पटलं.

युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. त्याचं नायट्रेट झालं की ते पाण्यात विरघळून विहिरीपर्यंत झिरपतं. स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, चाल वेगळी. ते मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतं आणि माती वाहिली की तिच्यासोबत निघतं. आणि तो हिरवा तवंग म्हणजे शेवाळ; गोड्या पाण्यात त्याची वाढ अडलेली असते ती बहुतेकदा स्फुरद कमी पडतं म्हणूनच.

आमचं शेत नागपूरजवळ उमरेड रोडला, काळी जमीन. मे महिन्यात भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जातो. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली. जुलैत माती फुगून भेगा बुजल्या की पाणी मुरायचं नाव नाही, धुरा (शेताचा बांध) फोडून नाल्यात. मागच्या वर्षी डवरणीच्या (पिकाच्या ओळींमधली माती मोकळी करण्याच्या) दुसऱ्याच दिवशी असा पाऊस झाला. नाल्याचं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, तर तळाला दोन बोटं गाळ. माझ्या डीएपीचे, म्हणजे स्फुरदाच्या खताचे, पैसे त्यातच!

म्हणून स्फुरद किती वाहतं ते बघायला महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना घेऊन भागत नाही. वर्षभराचा बराचसा गाळ चार-दोन मोठ्या पावसांतच जातो; पूर चढत असतानाच बाटल्या भराव्या लागतात.

आणि नाग नदी? नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन ती कन्हान नदीला मिळते, पुढे वैनगंगा. मैल्यातलं नि साबणातलं स्फुरद तिच्यात बारमाही. एप्रिलमध्ये माझ्या शेतातून थेंबही वाहत नाही, तेव्हाचं नदीतलं स्फुरद मोजून बघा.