सल्ला हवा : मालिकांचे रेकॉर्डिंग घरच्या बॉक्सवर करावे की कंपनीच्या सर्व्हरवर विसंबावे?

दुसरी_पाळी
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी दुसऱ्या पाळीला असतो, म्हणजे दुपारी 3 ते रात्री 11. आईला संध्याकाळच्या दोन मालिका आवडतात, पण एकटीने पाहायला तिला करमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता आम्ही दोघांनी मिळून त्या पाहाव्यात, एवढीच तिची इच्छा आहे. घरी छत्रीचे (डीटीएच) कनेक्शन आणि साधा सेट-टॉप बॉक्स आहे, फायबर नाही आणि मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा मिळतो. 3,000 रुपयांच्या आत काय करता येईल?

सातरस्ताकर
हार्ड डिस्कचा बॉक्स घ्या, दुसरा विचार करू नका. 2008 साली टाटा स्कायने प्लस बॉक्स आणला, तेव्हा आमच्या गल्लीत तो सर्वांत आधी माझ्याकडे आला होता. एक वाहिनी पाहत असताना दुसरीचे रेकॉर्डिंग चालू राहते, आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत सारे घर रात्री उशिरापर्यंत बाहेर असले तरी एकही भाग चुकत नाही. पैसे थोडे जास्त जातील, पण अशा गोष्टीत काटकसर करू नये.

होटगी_रोड
सातरस्ताकर, आपला बॉक्स टिकला याचा आनंद आहे. माझा टिकला नाही. माझ्या वडिलांनी आषाढी एकादशीच्या पहाटेच्या महापूजेचे थेट प्रक्षेपण आणि पुष्कळ कीर्तने चार वर्षे जपून ठेवली होती. ते गेल्यानंतर वर्षभरात बॉक्स बंद पडला. कंपनीच्या माणसाने तो बदलून दिला, जुना घेऊन गेला, आणि त्यासोबत सगळे रेकॉर्डिंगही गेले. ते सांकेतिक स्वरूपात साठवलेले आणि त्याच बॉक्सशी जखडलेले असते, त्यामुळे डिस्क काढून संगणकाला जोडली तरी काही दिसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. डिस्क आपल्या घरात आहे म्हणजे त्यावरचे आपले झाले, असे कृपा करून समजू नका.

जुळे_सोलापूर_1
म्हणूनच घरात डिस्क ठेवण्याचे दिवस संपले असे मी म्हणतो. फायबर घ्या. जिओ टीव्हीवर पुष्कळ वाहिन्यांचे मागील 7 दिवसांचे कार्यक्रम पाहता येतात. रेकॉर्डिंग लावायचे लक्षात ठेवावे लागत नाही आणि पावसात छत्रीचा सिग्नल गेल्याने अर्धा भाग कोरा निघण्याची भीती नाही. आमच्याकडे तीन खोल्यांत तीन टीव्ही त्यावरच चालतात.

दुसरी_पाळी
फायबरचा मासिक खर्च सध्या पेलणारा नाही. मोबाइलच्या डेटावर भागेल का?

निवृत्त_रोखपाल
भागणार नाही. सेकंदाला 5 मेगाबिट (एमबीपीएस) वेगाने येणाऱ्या चित्राला तासाला सुमारे सव्वादोन जीबी लागतात. आपला दिवसाचा डेटा पाऊण तासही पुरणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. जुळे_सोलापूर_1 ज्याला रेकॉर्डिंगचा पर्याय म्हणत आहेत, ते रेकॉर्डिंग नव्हे, कॅच-अप आहे. तेथे कंपनी स्वतःची प्रत ठेवते आणि ती किती दिवस ठेवायची हेही कंपनीच ठरवते. दूरस्थ रेकॉर्डिंग निराळे. अमेरिकेत केबलव्हिजन या कंपनीने 2006 मध्ये अशी योजना जाहीर केली : ग्राहकाने घरी रिमोटचे बटण दाबायचे आणि रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर, त्या ग्राहकाच्या नावाच्या जागेत व्हायचे. एकच मालिका हजार जणांनी लावली तर हजार स्वतंत्र प्रती. वाहिन्या आणि चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या, खालच्या न्यायालयात जिंकल्या, परंतु 2008 मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. प्रत कोण तयार करतो, तर बटण दाबणारा ग्राहक, असे त्या न्यायालयाने मानले, आणि पुढच्या वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. एका सामायिक प्रतीने काम भागत असताना हजार प्रती ठेवणे उधळपट्टीचे वाटते खरे. पण ‘हे मी ठेवले आहे’ असे म्हणण्याचा ग्राहकाचा हक्क त्या स्वतंत्र प्रतीवरच उभा राहिला. आठव्या दिवशी कार्यक्रम नाहीसा होतो, तेव्हा हा फरक कळतो.

जुळे_सोलापूर_1
काका, अमेरिकेतल्या निकालाचा सोलापुरातल्या मालिकेशी संबंध काय? आठव्या दिवसानंतर मालिकेचा जुना भाग पाहतो कोण?

होटगी_रोड
माझे वडील पाहत होते.

पूर्व_भाग_टीव्ही_दुरुस्ती
मी बावीस वर्षे दुरुस्तीचे काम करतो. आमच्या भागातून जे बॉक्स येतात, त्यांतील बऱ्याच बॉक्सच्या हवेच्या फटी मागाच्या कापसाच्या भुरीने बुजलेल्या असतात आणि त्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला असतो. मे महिन्यात असा बॉक्स हाताला चटका देतो. डिस्कला याहून मोठा शत्रू नाही. बॉक्स उघड्यावर ठेवा, वर काहीही घालू नका आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने फटी साफ करा.

दुसरे म्हणजे रात्री किंवा बाहेर जाताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय सोडावी लागेल. बॉक्स रिमोटने झोपवला तर ठरलेल्या वेळी स्वतःहून जागा होतो. वीजच नसेल तर रेकॉर्डिंग होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक बॉक्स बिघडला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

नवे काही विकत घेण्याआधी आपल्या बॉक्सच्या मागे यूएसबीची खाच आहे का ते पाहा. बऱ्याच बॉक्सवर तेथे बाहेरची हार्ड डिस्क जोडून रेकॉर्डिंग होते. काही कंपन्या त्यासाठी वेगळे मासिक शुल्क घेतात, ते आधी विचारा. पेनड्राइव्ह मात्र वापरू नका. सततच्या लिखाणाने तो तापतो आणि लवकर खराब होतो.

सातरस्ताकर
मी तेच सांगत होतो. हार्ड डिस्कच घ्या, 500 जीबीपेक्षा कमी नको.

जुळे_सोलापूर_1
वर्षभराचा हिशेब केला तर फायबर महाग पडत नाही, हे पुन्हा सांगतो.

दुसरी_पाळी
सर्वांचे आभार. बॉक्सच्या मागे खाच निघाली. इतकी वर्षे ती रुमालाखाली झाकलेली होती. कंपनीला फोन करून रेकॉर्डिंग चालू करून घेतले. सल्ला मोडतो आहे, राग मानू नये, पण घरातला 64 जीबीचा पेनड्राइव्हच लावला आहे. जोडताना बॉक्सने तो पूर्ण पुसून घेतला, म्हणून त्यातले फोटो आधी भाचीच्या संगणकावर काढून ठेवले. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, वाहिनीला तासाला साधारण एक जीबी जागा लागते असे दिसले. आईला मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की, पाहून झालेला भाग तिला घरात ठेवायचा नाही. होटगी_रोड यांच्या वडिलांसारखे जपण्याजोगे काही आमच्याकडे असते, तर मी हा धोका पत्करला नसता.

काल रात्री वीज चाळीस मिनिटे गेली आणि पहिल्या मालिकेचा शेवट कापला गेला. दुसरी पूर्ण मिळाली. उरलेल्या पैशांत बॉक्सपुरता छोटा यूपीएस मिळतो का, ते रविवारी नवी पेठेत जाऊन पाहणार आहे.

पूर्व_भाग_टीव्ही_दुरुस्ती
यूपीएस घेताना बॉक्सच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा लिहून न्या. आणि पेनड्राइव्ह दर आठवड्याला हात लावून पाहा.